‘वासा’च्या अंगातले गंधक

१० ऑगस्ट १६२८. स्टॉकहोमच्या धक्क्यावर माणसांची दाटी झाली होती. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ पोलंडशी लढण्यात गुंतला होता आणि त्या युद्धासाठी बांधलेले ‘वासा’ हे नवे जहाज आज पहिल्यांदाच शिडे उभारणार होते. चौसष्ट तोफा, त्यांच्यासाठी एकावर एक दोन मजले आणि अंगभर सिंह, योद्धे, देवदेवता अशा सातशेंच्या आसपास कोरीव मूर्ती. वासा हे स्वीडनच्या राजघराण्याचे नाव. मराठी कानाला मात्र त्यात छपराचे लाकूड ऐकू येते. आणि पुढची सारी कथा लाकडाचीच असल्यामुळे हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

जहाज वरून जड आणि खालून हलके आहे, ही शंका आधीच आलेली होती. तीस माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत धावायला लावून चाचणीही घेतली गेली होती. तिसऱ्या फेरीतच जहाज इतके डोलू लागले की चाचणी थांबवावी लागली. पण राजाला घाई होती आणि नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. तेराशे मीटरांच्या आसपास गेल्यावर वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कलले, खालच्या तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत घुसले आणि काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत ‘वासा’ शिडांसकट तळाशी गेले. सुमारे तीस माणसे दगावली. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. पुढे १६६४ च्या सुमारास पाणघंटेत बसून उतरलेल्या पाणबुड्यांनी पन्नासांहून अधिक तोफा वर काढल्या. त्यानंतर बत्तीस मीटर खोल चिखलात पडलेल्या त्या जहाजाची जागासुद्धा लोक विसरले.

तीन शतकांनंतर त्याची आठवण धरून बसला तो अँडर्स फ्रान्झेन. नौदलाच्या इंधनाचे काम पाहणारा हा अभियंता सुट्टीच्या दिवशी जुन्या बुडीत जहाजांच्या मागे लागायचा. त्याच्या वेडाला एक भक्कम शास्त्रीय आधार होता. खाऱ्या समुद्रात ‘टेरेडो’ नावाचा जहाजकिडा बुडालेले लाकूड चाळणीसारखे पोखरून टाकतो. कोकणातल्या होडीवाल्यांना समुद्री किडीने पोखरलेल्या फळ्या काही नव्या नाहीत. पण बाल्टिक समुद्राचे पाणी इतके कमी खारे आहे की हा किडा तेथे तग धरत नाही. म्हणजे त्या समुद्राच्या तळाशी लाकडी जहाजे शतकानुशतके शाबूत राहिली असली पाहिजेत, असे फ्रान्झेनने ताडले.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून तो बंदराचा तळ गळाने चाळू लागला. गळाला लागत होत्या गंजलेल्या शेगड्या, मोडक्या सायकली, शहराने बंदरात फेकलेले भंगार. जुन्या कागदांचा अर्थ लावताना चूक झाल्याने बराच काळ तर तो भलत्याच भागात शोधत राहिला. मग अभिलेखागारात त्याला राजाला लिहिलेले १६२८ चे एक पत्र मिळाले. त्यात बेकहोल्मेन बेटाजवळची जागा दिली होती. तिथे समुद्राच्या तळाला एक लांबट उंचवटा असल्याचे त्याला आधीपासून माहीत होते. पण ती जवळची गोदी खोदताना निघालेल्या दगडांची रास आहे, असे त्याला सांगण्यात आले होते. त्यावर विश्वास ठेवून त्याने तो भाग सोडून दिला होता!

२५ ऑगस्ट १९५६ रोजी तो त्याच उंचवट्यावर परत आला. दोरीला बांधलेले एक वजनदार अवजार त्याने खाली सोडले. त्याच्या टोकाला पोकळ पोलादी नळी होती, जिथे आदळेल तिथला तुकडा कापून आणणारी. ते कशावर तरी आदळले, अडकले, आणि मोठ्या कष्टाने ओढून काढले तेव्हा नळीत बोटभर लाकडाचा काळाकुट्ट, घट्ट तुकडा होता. ओक. ओकचे लाकूड असे काळे व्हायला पाण्याखाली कितीतरी वर्षे जावी लागतात. काही दिवसांनी पाणबुड्या पेर एडविन फेल्टिंग खाली उतरला. चिखलात तो छातीपर्यंत रुतला. डोळ्यांपुढे मिट्ट काळोख होता, हात फिरवावा तेवढेच कळत होते. हाताला प्रथम लाकडाची भिंत लागली, मग तिच्यात एक चौकोनी भोक लागले, आणि चाचपत वर चढल्यावर तशाच भोकांची दुसरी रांग. तोफांच्या झरोक्यांच्या दोन रांगा. बंदराच्या या भागात दोन मजली तोफांचे एकच जहाज बुडाले होते.

पाणबुड्यांनी पुढली दोन वर्षे त्या अंधारात, डोक्यावर शेकडो टनांचे जुने लाकूड घेऊन, जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खोदले. एखादी फळी निसटली असती तर सुटका नव्हती. बोगद्यांतून पोलादी दोर ओवले गेले. १९५९ मध्ये जहाज उथळ पाण्यात आणले. लोखंडी बोल्ट गंजून पडल्याने राहिलेली हजारो भोके पाणबुड्यांनी एकेक करून बुजवली. २४ एप्रिल १९६१ च्या सकाळी, ३३३ वर्षांनी, कोरीव चेहऱ्यांचे दोन खुंट आधी पाण्याबाहेर आले. युरोपभर दूरचित्रवाणीवर लोकांनी ते पाहिले. काही दिवसांत ते जहाज आपल्या कण्यावर तरंगत गोदीत शिरले.

जल्लोष चालू असतानाच जाणकारांना धडकी भरली होती. पाण्यात मुरलेले लाकूड वरून धडधाकट दिसते, पण त्याच्या पेशींच्या भिंती झिजून गेलेल्या असतात. त्यांना फुगवून धरणारे पाणीच त्यांचा आधार झालेले असते. ते पाणी उडून गेले की पेशी खचतात, लाकूड आक्रसते, तडकते आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखे वेडेवाकडे होते. जहाज पाण्याबाहेर आले त्या क्षणापासून त्याच्यावर अहोरात्र पाण्याचे फवारे मारावे लागले ते यासाठीच. पण किती वर्षे मारायचे? एवढे अवाढव्य ओकचे जहाज यापूर्वी जगात कोणी वाळवलेलेच नव्हते. विचारायला गुरू नव्हता.

तोड निघाली ती पॉलीइथिलीन ग्लायकॉल या मेणचट, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थात. मलमांत आणि प्रसाधनांत तो नेहमीचाच आहे. तो लाकडात मुरवला की पाण्याची जागा घेतो आणि पेशींना आतून टेकू देतो, हे स्वीडनमध्ये नुकतेच लक्षात आले होते. लहान वस्तू त्याच्या टाकीत बुडवून ठेवता येत. एवढ्या जहाजासाठी टाकी कुठून आणायची? म्हणून त्याची फवारणी करायची ठरली. लार्स बार्कमन यांच्या देखरेखीखाली १९६२ मध्ये ती सुरू झाली. पाच माणसे हातात नळ्या घेऊन उभी राहात आणि जहाजाच्या आतून-बाहेरून एक फेरी पुरी व्हायला पाच तास लागत. मग पुन्हा पहिल्यापासून. १९६५ मध्ये सुमारे पाचशे स्वयंचलित तोट्या बसल्या. बुरशी येऊ नये म्हणून द्रावणात बोरिक आम्ल आणि टाकणखार घातला जाई. ओक मोठे चिवट लाकूड. बाहेरचा झिजलेला थर द्रावण पिऊन घेई, आतला गाभा मात्र बोटभरसुद्धा आत शिरू देत नसे. म्हणून द्रावणाची ताकद हळूहळू वाढवावी लागली, रेणूंचे आकार बदलून पाहावे लागले. सज्ज्यांत उभे राहून प्रेक्षक धुक्यातून ते काळे धूड पाहात. अशी सतरा वर्षे गेली. फवारणी सुरू झाली त्या वर्षी जन्मलेले मूल ती थांबेपर्यंत शाळा संपवून बाहेर पडले असेल. १९७९ नंतर आणखी नऊ वर्षे सावकाश वाळवणी झाली. १९९० मध्ये नवे संग्रहालय उघडले आणि पंचाण्णव टक्क्यांहून अधिक मूळ लाकूड असलेले ते जहाज दिमाखात उभे राहिले. लाखो लोक येऊ लागले. काम फत्ते झाले असेच सर्वांनी धरले.

आणि मग २००० सालचा उन्हाळा आला, विलक्षण पावसाचा. भिजलेल्या छत्र्या आणि रेनकोट घेऊन प्रेक्षकांची रीघ लागली, दालनातली हवा दमट झाली, हवा खेळवणारी यंत्रणा अपुरी पडू लागली. जहाजावर रोज हात-नजर फिरवणाऱ्या संवर्धकांना लाकडावर काही तरी वेगळे दिसले. इथे पांढरट भुकटी, तिथे पिवळसर पापुद्रा, जणू काळ्या लाकडाला मीठ फुटले आहे. आपल्याकडे जुन्या भिंतीला लोणा लागतो ना, तसे. एका ठिकाणी ओलसर पट्टी टेकवून सामू तपासला. तो दोनच्या आसपास निघाला, म्हणजे लिंबाच्या रसाइतका आंबट. शोधत गेले तसे आणखी डाग सापडले. एक नव्हे, दहा नव्हे, शेकडो.

लाकडाला आम्लाइतका मुरलेला वैरी नाही. लाकडाचे तंतू ज्या सेल्युलोजचे असतात, त्याच्या लांब साखळ्या आम्ल तोडत जाते. हे आम्ल आले कुठून? फवारलेल्या द्रावणातून? शहराच्या हवेतून? बोरिक आम्ल एवढे तीव्र नसते. प्रश्न स्टॉकहोम विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ माग्नुस सँडस्ट्रोम यांच्यापुढे आला. त्यांच्या गटात फरीदे जलीलेवंद, इंगमार पेर्सोन, उलरिक गेलिउस आणि पॅट्रिक फ्रँक होते. संग्रहालयाच्या बाजूने संवर्धक इंग्रिड हाल-रोथ.

पापुद्रे सल्फेट क्षारांचे होते, आणि आम्ल सल्फ्युरिक, जुन्या भाषेत गंधकाम्ल. म्हणजे कुठे तरी गंधक दडलेले होते. पण पृष्ठभागावरची भुकटी रोगाचे लक्षण होती. रोग आत होता. तुळयांमधून पेन्सिलीसारख्या बारीक कांड्या काढण्यात आल्या. त्या कापून पाहायच्या तर सगळीकडे एकच काळपट ओक. डोळ्याला काही दिसणार नव्हते. गंधक आहे एवढे कळूनही भागणार नव्हते, ते कोणत्या रूपात आहे हे हवे होते, कारण जळून गेलेली राख आणि न पेटलेला कोळसा यांत फरक असतो. त्यासाठी त्या कांड्या कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनपर्यंत गेल्या, जिथे अतिशय प्रखर क्ष-किरणांचा झोत मिळतो. गंधकाचे प्रत्येक रूप हे किरण आपापल्या ठराविक ऊर्जेला शोषते, आणि आलेखावर त्या ठिकाणी शिखर उठते.

कांडीच्या बाहेरच्या टोकाकडे सल्फेटचे शिखर उठले. ते अपेक्षितच होते. झोत आतल्या लाकडाकडे सरकला तेव्हा आलेखावर दुसरीकडेच, खालच्या ऊर्जेला, एक शिखर ठसठशीत उभे राहिले. ते मूलद्रव्य गंधकाचे होते. ऑक्सिजनशी अजून गाठ न पडलेले, शुद्ध गंधक, लाकडात ०.२ ते ४ टक्क्यांपर्यंत. राख थोडी होती; कोळसा भरपूर शिल्लक होता. सारे गंधक ऑक्सिजनशी संयोग पावले तर त्याचे पाच हजार किलोपर्यंत गंधकाम्ल होऊ शकेल, असा हिशेब निघाला. ‘नेचर’ने फेब्रुवारी २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि जगभरच्या संग्रहालयांत खळबळ उडाली.

आता कोड्याचे तुकडे भराभर जुळू लागले. स्टॉकहोमचे सांडपाणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच बंदरात सोडले जात होते. घाण कुजताना तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला, आणि प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू, तयार करत राहिले. त्या विषारी चिखलात लाकूड खाणारे बहुतेक सूक्ष्मजीव टिकू शकले नाहीत. जहाज वाचले ते या घाणीमुळे! पण तोच वायू ३३३ वर्षे हळूहळू लाकडात झिरपत, गंधक होऊन बसत होता. आणि मग लोखंड. मूळ बोल्ट गंजून पार विरले होते, त्यांचा गंज लाकडात उतरला होता. शिवाय जहाज वर आल्यावर त्या भोकांतून हजारो नवे पोलादी बोल्ट ठोकले गेले, आणि तेही गंजू लागले. हे लोखंड उत्प्रेरकाचे काम करत होते: हवेतला ऑक्सिजन आणि लाकडातले गंधक यांची गाठ घालून देत होते. लाकूड जपण्यासाठी प्रेमाने ठोकलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या अंगात थोडे विष कालवत होता. त्या माणसांना दोष देववत नाही. १९६१ मध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हते.

सँडस्ट्रोम यांच्या गटाने मग इंग्लंडच्या ‘मेरी रोज’चे लाकूड तपासले. आठव्या हेन्रीचे हे जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. तिथेही गंधक सापडले.

स्टॉकहोममध्ये आधी आम्लाच्या डागांवर सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवून पाहिल्या. आम्ल शमले, पण ते वरवरचे. आत पोचणे अशक्य होते, आणि सोडाही लाकडाला सोसत नाही. २००४ मध्ये हवेची नवी यंत्रणा बसली. आता छत्र्या कितीही भिजलेल्या असोत, दालनातील दमटपणा ठराविक मर्यादेत राहतो. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट उघड झाली. गाभ्यातले लाकूड, जिथे गंधक फारसे नाही, तेही अशक्त झाले होते, आणि तिथे लोखंडच मुख्य संशयित ठरले.

म्हणून २०११ मध्ये बोल्ट बदलण्याचे काम सुरू झाले. पाच हजारांहून अधिक बोल्ट. गंजून लाकडात घट्ट बसलेला एकेक बोल्ट भोकाची कड न फाटता ओढून काढायचा, आणि त्या जागी न गंजणाऱ्या खास पोलादाचा नवा बसवायचा. हे काम २०१८ मध्ये संपले. गंधक अजून लाकडातच आहे. ते काढून टाकण्याचा मार्ग सापडलेला नाही. जहाज स्वतःच्या वजनाने वर्षाला सुमारे एक मिलिमीटर खचते आहे. त्याच्या अंगावर शेकडो ठिकाणी खुणेचे बिंदू लावलेले आहेत, आणि त्यांच्यावर लेझरचा किरण टाकून ते आपल्या जागेवरून किती हलले याची नोंद २००० सालापासून ठेवली जात आहे.