काय घडलं ते लिहा

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूची आमची सोसायटी. रात्रीचे साडेआठ वाजलेत आणि पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या आहेत. बीटचे हवालदार टोपी मांडीवर ठेवून चहा पिताहेत. विषय एकच, पाण्याच्या टाकीमागचा कट्टा आणि तिथं जमणारं टोळकं. अक्षर बरं म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

“फार माजलीत पोरं, साहेब,” दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सुरुवात करतात.

“काय करतात?”

“बसतात की बारा-बारा वाजेपर्यंत!”

“बसणं गुन्हा नाही, काकू.”

“केस बघा त्यांचे. अर्धे भादरलेले, अर्धे पिवळे.”

“माझ्या पोराचेही तसेच आहेत,” हवालदार मिशीत हसतात.

मग वाकून माझा कागद बघतात. ‘परिसरात समाजकंटकांचा सुळसुळाट झाला असून नागरिक भयभीत आहेत.’ या ओळीवर ते बोट ठेवतात. “हे वाचून मी कुणाला उचलू? काय घडलं ते लिहा. कुठं, किती वाजता, कोण होतं, गाडी कुठली.” मी ओळ खोडतो.

आता सगळेच गप्प. राग सगळ्यांकडे आहे, तपशील कुणाजवळ नाही. शेवटी वॉचमनमामा खाकरतात. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास टाकीमागं दारू चालली होती, बाटल्या उतारावर फोडल्या. हटकल्यावर त्यांतला एकजण म्हणाला, “परत बोललास तर गेटवर येऊन तोडीन.”

हवालदार कप खाली ठेवतात. “तेव्हाच का नाही कळवलं?”

“ग्रुपवर टाकलं होतं ना,” सेक्रेटरी मोबाइल पुढं करतात. संतापलेले चेहरे, हात जोडलेले, ‘पोलीस झोपलेत का?’ असा सवाल, त्याला अंगठे.

“शंभर मेसेज आणि आमच्या स्टेशन डायरीत एक नोंद नाही. वरून विचारलं तर आम्ही सांगणार, टाकीमागं सगळं शांत आहे.”

इथून अर्ज मार्गी लागतो. उघड्यावरची दारू वेगळी, धमकी वेगळी. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला बंदी, ती ओळ वेगळी. “आणि रस्त्यात शिवीगाळ, दमदाटी करून शांतता बिघडवली, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११२. फोनचा नंबरही ११२. लक्षात ठेवायला सोपं.” सगळेच गुन्हे दखलपात्र नसतात, हेही ते सांगून टाकतात. अदखलपात्र असेल तर एनसी होते, तपासाला कोर्टाची परवानगी लागते. “पण एकाच ठिकाणच्या नोंदी साठल्या की चॅप्टर केस करता येते. चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेतलं की पोरगं जरा जमिनीवर येतं.”

“काळी मोपेड आहे,” लिफ्टजवळून आवाज येतो. पहिल्या मजल्यावरची दहावीतली मुलगी. “शेवटचे आकडे ४१४१. ‘दादा’ वाचता येईल असे वळवलेत. दोघं असतात. मी क्लासहून येते तेव्हा गेटपर्यंत मागं येतात. शिट्ट्या मारतात, काहीबाही बोलतात.”

तिचे बाबा गर्रकन वळतात. “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही क्लासच बंद केला असता.”

मी लिहायला घेतो, तर हवालदार माझा हात धरतात. “हे या अर्जात नको.” मुलीचं वय अठराच्या आत, म्हणजे पॉक्सोचा विषय. तिचा जबाब इथं चारचौघांत होणार नाही. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी येतील, आईवडिलांसमोर बोलतील, तिचं नाव बाहेर जाणार नाही. “मॅडमना आत्ताच फोन करतो. आणि हे ग्रुपवर अजिबात टाकायचं नाही.” सेक्रेटरींचा स्क्रीनवर टेकलेला अंगठा उचलला जातो.

सह्यांची वेळ येते तशा दोन खुर्च्या रिकाम्या होतात. एकाला गॅस बंद केलाय का ते बघायचंय, दुसऱ्याला नसती लचांडं नकोत. “सही नसेल करायची तर नका करू, पण फोन तरी करा. कुणी कळवलं ते आम्ही त्यांना सांगत नाही,” हवालदार म्हणतात. महसूल खात्यातून निवृत्त झालेले अण्णा मात्र मला दुसरी प्रत काढायला लावतात. “पोच हवी. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. सकाळी मी स्वतः ठाण्यात जातो.”

तेवढ्यात टाकीच्या दिशेनं बुलेटचे फटाके वाजतात. पाठोपाठ बाटली फुटते. चारपाच हात मोबाइलकडे जातात. काकू हवालदारांकडे बघतात. “साहेब, आता तर तुम्हीच इथं आहात!”

हवालदार टोपी चढवतात. “मी निघालोच. तुम्ही ११२ लावा. मी जाऊन आलो तरी नोंद तुमच्या फोननंच राहील.”

काकू नंबर फिरवतात. पलीकडून विचारणा होते आणि त्या सरळ उभं राहून सांगू लागतात, “पाण्याच्या टाकीमागं, आमच्या मागच्या गेटसमोर. आत्ता, नऊ वाजून वीस मिनिटं. बाटल्या फोडताहेत. बुलेट आहे एक... नंबर? थांबा हं, गॅलरीतून बघून सांगते.”