हस्तलिखिताची एकुलती प्रत

२ जानेवारी १९४३. सिद्धगडाच्या रानात पहाटे झालेल्या पोलिसी गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुरबाड-शहापूरच्या शाळांतील मुलांनी हा प्रसंग शब्दांत मांडावा, चितारावा, यासाठी ग्रंथालयाच्या हस्तलिखितासारखी दुसरी जागा नाही. गेरूवर तांदळाच्या पिठाने रेखलेली वारली चित्रेही जुन्या ठाणे जिल्ह्याचीच.

परंतु हस्तलिखिताची प्रत एकच असते, आणि कपाट भरले की पुष्कळदा तीच रद्दीत जाते. छापील पुस्तक पुन्हा मिळते. हे मिळत नाही. सचित्र कल्पसूत्राच्या पोथ्या शतकानुशतके टिकल्या, त्या पाटण-जेसलमेरच्या ज्ञानभांडारांनी कापडात बांधून जपल्या म्हणून. चोपड्या सांभाळणाऱ्या घरांना हे काय सांगावे! शाळेच्या हस्तलिखितालाही दाखल नोंदवहीत क्रमांक मिळावा, आणि कुलपाच्या कपाटात एक कप्पा.