फुल टू अ‍ॅक्शन!

नवा मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण काय काय करतो? चार मित्रांना विचारतो, दहा रिव्ह्यू वाचतो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तोंडपाठ करतो आणि शेवटी बजेटपेक्षा पाच हजारांनी महाग फोन घेऊन घरी येतो! मीही गेले सहा महिने हेच करत होतो. फक्त वस्तू जरा हटके होती. हजार यार्डांवर नेम धरणाऱ्या टार्गेट रायफलची अ‍ॅक्शन. आणि तीही कस्टम!

आता तुम्ही म्हणाल, पुण्याच्या पोराला हे कुठून सुचलं? तर मंडळी, मी गेली बारा वर्षं अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये नोकरी करतोय. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि महिन्यातले दोन वीकेण्ड शहराच्या उत्तरेला असलेली बेन अ‍ॅव्हरी रेंज. इथे हजार यार्डांची, म्हणजे ९१४ मीटरची, रेंज आहे. फेब्रुवारीत देशभरातले नेमबाज इथे मोठ्या स्पर्धेला जमतात. एक खुलासा आधीच करतो. साध्या वर्क व्हिसावर आलेल्यांना इथला फेडरल कायदा, काही अपवाद सोडले तर, बंदूक बाळगू देत नाही. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत मी फक्त बघे मंडळींत होतो.

खेळ काय आहे?

नेमबाजी म्हटलं की आपल्याला आठवतो कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे. रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करणाऱ्या या पठ्ठ्याने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. ती .२२ची छोटी रायफल. माझा खेळ वेगळा. त्याचं नाव एफ-क्लास. कॅनडाचे जॉर्ज फार्कहार्सन यांनी तो सुरू केला आणि त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर खेळाला मिळालं. पोटावर झोपायचं, रायफल टेकूवर ठेवायची, दुर्बिणीतून नेम धरायचा. सोप्पं वाटतं ना? पण हजार यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ असतं १० इंचांचं. आणि त्याच्या आतलं एक्सचं वर्तुळ फक्त ५ इंचांचं, म्हणजे एखाद्या बशीएवढं!

मी खेळतो तो उपप्रकार एफ-टीआर. त्यात काडतुसं दोनच चालतात, २२३ रेमिंग्टन किंवा ३०८ विंचेस्टर. आणि बायपॉडसकट रायफलचं वजन ८.२५ किलोच्या आत हवं.

या खेळातल्या बहुतेक रायफली दुकानातून तयार मिळत नाहीत. बॅरल एकाकडचं, स्टॉक दुसऱ्याकडचा, ट्रिगर तिसऱ्याचा. या सगळ्यांना एकत्र धरून ठेवते ती अ‍ॅक्शन. म्हणजे रिसीव्हर नावाची पोलादी नळी आणि तिच्यात मागेपुढे सरकणारा बोल्ट. बोल्ट काडतूस बॅरलमध्ये ढकलतो, त्याचे लग, म्हणजे पुढचे खांदे, फिरून रिसीव्हरमध्ये अडकतात, आतली फायरिंग पिन प्रायमरवर आपटते आणि गोळी सुटते. नंतर हाच बोल्ट रिकामी पुंगळी बाहेर ओढतो.

प्रश्न कुठून उपटला?

माझ्याकडे होती फॅक्टरीत बनलेली रेमिंग्टन ७००. १९६२ साली बाजारात आलेलं हे मॉडेल म्हणजे अमेरिकन बोल्ट रायफलींमधली मारुती ८००. सगळीकडे दिसते, सगळ्यांना दुरुस्त करता येते. चारेक हजार गोळ्यांनंतर तिचं बॅरल संपलं. (होय, बॅरल संपतं! प्रत्येक गोळीमागच्या गरम वायूने आतलं पोलाद झिजत जातं.) गनस्मिथ म्हणाला, ‘नवीन बॅरल बसवायचंच आहे, तर ते याच अ‍ॅक्शनवर बसवायचं की नव्या, ते आत्ताच ठरव.’

घरात बजेट ठरलं तीन हजार डॉलर. बायकोने दोन अटी घातल्या. मुलगी पाच वर्षांची आहे, त्यामुळे रायफल तिजोरीत आणि बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात. आणि तीन हजार म्हणजे तीनच हजार, ‘जरासे वर’ नाही!

खरी पंचाईत होती पुण्याला. बाबांनी पिंपरीच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलीत. माझ्या या छंदाबद्दल ते चकार शब्द काढत नसत. मी विषय काढला की फोन आईच्या हातात! या वेळी मात्र मी बंदूक हा शब्दच उच्चारला नाही. म्हटलं, ‘बाबा, एक नळी आहे. तिच्यात बोल्ट बसतो. बोल्टचे दोन लग एकाच वेळी, सारखेच टेकायला हवेत.’

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, ‘ब्लू लावून बघितलंस का? दोन्हीकडे सारखा उठतो का?’

त्या रविवारी आम्ही पाऊण तास बोललो. दहा वर्षांत पहिल्यांदाच!

ट्रू करायची की नवी घ्यायची?

बाबांच्या प्रश्नात सगळा फंडा आहे. हजारोंच्या संख्येने बनणाऱ्या अ‍ॅक्शनमध्ये कधीकधी एकच लग नीट टेकतो. रिसीव्हरचं तोंड नळीच्या अक्षाला काटकोनात नसतं. बॅरलचे आटे किंचित तिरके असतात. गोळी सुटताना सगळा दाब मग एका बाजूला जास्त येतो. गनस्मिथ लेथवर लावून हे सगळं सरळ करतो, त्याला ‘ट्रू करणं’ म्हणतात. कस्टम अ‍ॅक्शन मुळातच या मापात बनते. ओहायोची केल्बलीज, पेनसिल्व्हेनियाची बोर्डेन, आयडाहोची बॅट मशीन, न्यूझीलंडची बर्नार्ड ही या क्षेत्रातली मानाची नावं.

हिशेब मांडला. जुनी ट्रू करायला काही शे डॉलर. नवी कस्टम साधारण एक ते दोन हजार, आणि ऑर्डर दिल्यावर अनेकदा काही महिन्यांची वाट! बाबा म्हणाले, ‘जुन्या जॉबवर मजुरी घालायची, तर तो जॉब किती दिवस टिकणार ते बघ.’ अ‍ॅक्शन नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. तिच्यावर एकामागून एक बॅरलं येतात आणि संपतात. त्यात नव्या अ‍ॅक्शनांची मापं इतकी तंतोतंत असतात, की अनेक मॉडेलांसाठी तयार बॅरल मागवून नुसतं आवळून बसवता येतं. तेव्हा नवी घ्यायची, हे पक्कं झालं.

मेन्यू कार्डात काय काय?

अ‍ॅक्शन ऑर्डर करणं म्हणजे डोसा मागवण्यासारखं आहे. पर्याय संपता संपत नाहीत! मी काय बघितलं, ते थोडक्यात:

लग दोन की तीन? दोन लग असले की बोल्ट ९० अंश फिरवावा लागतो, तीन असले की ६० अंशच. पण तेवढ्याच कामासाठी हात कमी फिरतो, म्हणून उचलताना जोर जास्त लागतो. झोपलेल्या अवस्थेत रायफल हलायला नको, म्हणून मी दोन लगवाली घेतली.

मॅगझिन की सिंगल शॉट? आमच्या खेळात एकेक गोळी हातानेच भरतात. मॅगझिनसाठी खाली खिडकी कापली नाही, तर रिसीव्हर जास्त ताठ राहतो. सिंगल शॉट, बस्स!

बोल्टचं तोंड. २२३, ३०८ आणि मॅग्नम काडतुसांची बुडं वेगवेगळ्या मापांची असतात. पुढे काडतूस बदलायचा विचार असेल, तर सुटं बोल्ट-हेड मिळणारं मॉडेल बघा.

फायरिंग पिन. पिनचं भोक मोठं असेल, तर जास्त दाबाने प्रायमर त्यात फुगतो किंवा फुटतो. भोक लहान आणि पिन घट्ट बसणारी हवी. स्प्रिंगही दमदार पाहिजे. ठोका दर वेळी सारखा पडला नाही, तर गोळीचा वेग कमीजास्त होतो आणि हजार यार्डांवर ती काही इंच वर-खाली जाते.

पुंगळी सुटते कशी? बोल्ट उचलतानाच तो किंचित मागे सरकून पुंगळी सैल करायला हवा. हे टायमिंग बिघडलं असेल, तर स्पर्धेत हँडलला ठोसे मारत बसाल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फूटप्रिंट. अ‍ॅक्शनचा बाहेरचा आकार रेमिंग्टन ७००सारखा असेल, तर स्टॉक आणि ट्रिगर यांची अख्खी बाजारपेठ तुमची! माझा जुना स्टॉक आणि ट्रिगर तसाच वापरता आला, तिथेच मोठी बचत झाली.

मग दहात दहा?

इथेच खरी गंमत आहे, बॉस. आमच्या क्लबमध्ये सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत. मी त्यांना कॅटलॉग दाखवला तेव्हा ते हसले आणि रेंजवरच्या झेंड्यांकडे बोट दाखवलं. ‘याचा कॅटलॉग आहे का?’

गणित साधं आहे. ३०८ची गोळी हजार यार्ड जायला दीड सेकंदाच्या आसपास घेते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला तेवढ्यात सहा-सात फूट बाजूला नेतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज ताशी दीड-दोन किलोमीटरने हुकला, तरी मध्यावर धरलेली गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर! जगातली सगळ्यात महागडी अ‍ॅक्शन इथे काहीही करू शकत नाही. ती एवढंच करते, की काल जे घडलं तेच आज घडेल. गोळी बाजूला गेली, तर दोष वाऱ्याच्या अंदाजात शोधायचा की रायफलमध्ये, हा संशय बऱ्यापैकी मिटतो. तेवढ्यासाठी पैसे मोजायचे. पण सगळे पैसे नाहीत!

म्हणून मी दोन हजारवाल्या चकचकीत मॉडेलवर काट मारली आणि अकराशेंच्या आतली, साधी, दोन लगवाली, ७००च्या आकाराची सिंगल शॉट अ‍ॅक्शन मागवली. उरलेल्यात एक चांगलं बॅरल मजुरीसकट बसलं आणि मोसमभराच्या सरावाच्या गोळ्यांचं सामानही आलं. बायकोच्या हिशेबाच्या वहीत शेवटचा आकडा २,९४० आहे.

तुमचा छंद वेगळा असेल. कॅमेरा, सायकल, गिटार, काहीही. खरेदीला निघण्याआधी कागदावर तीन रकाने करा. काय वर्षानुवर्षं टिकणार, काय झिजून संपणार आणि काय फक्त सरावाने येणार. पहिल्या रकान्यात एकदाच, नीट बघून खर्च करा. दुसऱ्यासाठी पैसे राखून ठेवा. आणि तिसऱ्यासाठी वीकेण्ड मोकळे ठेवा.

अ‍ॅक्शन आली त्या दिवशी मी बोल्टच्या लगांवर ब्लू लावला, फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘दोन्हीकडे सारखा आहे. काम चांगलं आहे. बोल्ट कुलपात ठेव.’