फॉर्म भरू, पण लेकराचा जीव पणाला लावू नये

"ताई, फॉर्म भरावा का नाही?"

वंदना संपल्यावर विहाराच्या पायरीवर बसून एका आईनं हा प्रश्न विचारला. हिंगोलीतली वस्ती. पोरगी बारावी सायन्सला, दहावीत वस्तीत पहिली आलेली. वडील हळदीच्या हंगामात मार्केट यार्डात हमाली करतात, आई खुरपणी-वेचणीला जाते. कॉलेजातल्या सरांनी पोरीला सांगितलं, "दिल्लीच्या एम्सचं ध्येय ठेव." चुलते म्हणाले, "आपल्याला कुठलं जमतंय ते? सरळ नर्सिंगला घाला." मामा म्हणाले, "लातूरला ठेवा, कर्ज काढू, पण डॉक्टर झालीच पाहिजे." आणि पोरगी? तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होती, जेवणावरची वासना गेली होती, आणि बोललं की रडत होती.

आईला वाटत होतं, प्रश्न शिक्षणाचा आहे. आम्हाला तो आरोग्याचाही वाटला, म्हणून तो या पानावर घेतला.

एक प्रश्न नाही, तीन प्रश्न

"एम्ससाठी प्रयत्न करावा का" या एका वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, परीक्षेचा फॉर्म भरायचा का? दुसरा, मार्क आले तर प्रवेशाच्या वेळी मोठ्या संस्थेचं नाव लिहायचं का? तिसरा, या वर्षी जमलं नाही तर रिपीट करायचं का, आणि किती वेळा? पहिल्या दोन्हींना खर्च थोडा आहे. तिसऱ्याला पैसा लागतो आणि लेकराचं शरीर-मनही लागतं. आपल्या घरांत उलटं होतं. पहिल्याच प्रश्नाला आपण घाबरून नाही म्हणतो, नाहीतर तिसऱ्याला विचार न करता हो म्हणतो.

आपणच आपल्याला नकार देऊ नये

एम्सची वेगळी प्रवेश परीक्षा २०१९ पर्यंत होती. २०२० पासून एमबीबीएससाठी देशभर एकच 'नीट' आहे. त्याच मार्कांवर दिल्लीचं एम्स, नागपूरचं एम्स आणि आपल्या हिंगोलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सगळीकडचा प्रवेश ठरतो. हिंगोलीचं हे महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या इतर नऊ नव्या महाविद्यालयांसोबत सुरू झालं. म्हणजे एम्ससाठी वेगळा अभ्यास नाही, वेगळा फॉर्मही नाही. २०२५ साली अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी नीटची फी १,००० रुपये होती. पेपर मराठीतूनही देता येतो.

चुरस मोठी आहे, हे मात्र लपवू नये. २०२४ साली नीटला २४ लाखांहून जास्त मुलांनी नाव नोंदवलं. एम्स दिल्लीत एमबीबीएसच्या जागा सव्वाशेच्या आसपास. त्यातल्या १५ टक्के अनुसूचित जातींसाठी, म्हणजे अख्ख्या देशातून वीसेक मुलं. हे आकडे लेकरासमोर मोकळेपणानं ठेवावेत. त्यात जागा न मिळणं ही नालायकी नाही, साधा हिशोब आहे. पण तेवढ्यासाठी नाव न लिहिणं हाही शहाणपणा नाही. प्रवेशाच्या यादीत वर दिल्ली, मग नागपूर, मग संभाजीनगर, नांदेड, हिंगोली असं आवडीच्या क्रमानं लिहिता येतं. वरचं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. एवढं लक्षात ठेवावं की केंद्राची यादी वेगळी आणि राज्याची वेगळी भरावी लागते.

एम्समध्ये वर्षाची शिकवणी फी इतकी कमी आहे की खासगी क्लासच्या एका महिन्याच्या फीतही ती बसते. आपल्या माणसाला खर्च येतो तो प्रवासाचा, कपड्यालत्त्याचा, मेसचा, आणि घरातले कमावते दोन हात कमी होण्याचा.

कागद आधी, क्लास नंतर

हुशारीवर नाही, कागदावर अडलेली लेकरं आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा हक्क १९९० च्या दुरुस्तीनं मिळाला. पण एम्ससारख्या केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला जात दाखला लागतो. राज्यातल्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून निघतं आणि त्याला वेळ लागतो. अकरावीतच अर्ज टाका. दाखल्यावरचं नाव, दहावीच्या सनदेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, ते आजच पाहा.

केंद्राच्या प्रवेश फेरीत आपल्या मुलांना ५०० रुपये नोंदणी आणि ५,००० रुपये अनामत भरावी लागत आली आहे. अभिमत विद्यापीठांचा पर्याय निवडला की अनामत दोन लाखांवर जाते. त्या वर्षीची माहितीपत्रिका वाचल्याशिवाय बटण दाबू नका. आणखी एक सांगतो. नीटला 'पात्र' ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. पात्रतेची रेषा बरीच खाली असते. "तुमचं पोरगं पात्र झालंय, जागा मी करून देतो" असं म्हणणाऱ्या एजंटाला घराच्या उंबऱ्यातूनच परत पाठवा.

अठरा तासांची गोष्ट

१४ एप्रिलला गावोगाव सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून तो एक दिवस चांगलाच आहे. पण काही घरांत तो वर्षभराचा नियम झाला आहे. "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, तू दहालाच दमतोस?" असं लेकराला ऐकावं लागतं.

बाबासाहेब कोणत्या परिस्थितीत शिकले ते नीट पाहू या. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, आणि मुदत तीन वर्षांची. त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. पुढं लंडनमध्ये त्यांनी अर्धपोटी राहून अभ्यास केला. इकडं रमाईनं हालअपेष्टांत संसार ओढला. ती उपासमार त्यांनी आनंदानं निवडली नव्हती, तो नाइलाज होता. आपल्या लेकरांवर तशी वेळ येऊ नये म्हणूनच तर त्यांनी पुढं वसतिगृहं उभी केली, महाविद्यालयं काढली. मग त्यांच्याच नावानं लेकराची झोप आणि भाकरी आपण कशी काढून घेणार?

वैद्यकशास्त्र इथं स्पष्ट आहे. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. चार तास झोपून वाचलेलं पेपरात आठवत नाही, आणि मग मूल स्वतःला 'ढ' समजू लागतं.

मुलींच्या बाबतीत रक्त तपासणं विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय आहे, आणि वयात आलेल्या मुलींची स्थितीही तशीच आहे. "पुस्तक घेतलं की डोळे मिटतात, धाप लागते, लक्ष लागत नाही" हा आळस नसतो, अनेकदा हिमोग्लोबिन कमी असतं. ते १२ च्या खाली असेल तर उपचार हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत घेऊ नये. सोबत पालेभाजी, डाळ, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा अंडी-मटण. क्लासच्या फीतले थोडे पैसे ताटात गेले तर ते वाया जात नाहीत.

रिपीटला तारीख हवी

आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेला लागोपाठच्या दोनच वर्षांत बसता येतं. नीटला अशी मर्यादा नाही. कितीही वेळा द्या, वयाचीही वरची अट आता राहिलेली नाही. ऐकायला हे बरं वाटतं, पण धोका इथंच आहे. थांबायचं कधी हे कायदा सांगत नाही, म्हणून ते घरानं ठरवावं लागतं. नाहीतर दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, बचत गटाचं कर्ज, मग फायनान्सवाल्याचा हप्ता, आणि लातूर-नांदेडच्या एखाद्या खोलीत एकटं बसलेलं लेकरू.

बाबासाहेबांच्याच आयुष्यात याचं उत्तर आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. पण चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. थांबले, कमावलं, परत गेले. थांबणं म्हणजे हरणं नव्हतं.

म्हणून रिपीटचं वर्ष सुरू होण्याआधी घरात बसून चार गोष्टी वहीत लिहून काढा. किती वर्षं? आमच्या मते एक. खर्च कुठून, आणि त्यासाठी कर्ज किती होईल? जमलं नाही तर कुठला कोर्स? नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ हे कमी दर्जाचे रस्ते नाहीत, दवाखाना त्यांच्यावरच चालतो. आणि चौथं, लेकराला स्वतःला हे वर्ष हवंय का? चौथ्याचं उत्तर मामा-चुलत्यांसमोर विचारू नका, एकट्यात विचारा.

प्रवेश मिळाल्यावर

मोठ्या संस्थेच्या फाटकात जात बाहेर राहत नाही, हे लेकराला आधीच सांगावं. एम्समधल्या जातीभेदाच्या तक्रारींची चौकशी करायला २००६ साली केंद्रानं डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मिलिंद महाविद्यालयात शिकलेले थोरात सर तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. वसतिगृह, मेस, खेळाचं मैदान, वर्ग, सगळीकडं दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वेगळं पाडलं जातं, असं समितीनं २००७ च्या अहवालात नोंदवलं. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या आईनं केला.

हे भीती घालायला लिहीत नाही. आपण मागं हटलो तर ती जागा रिकामी राहते, आणि भेदभाव करणाऱ्याला तेच हवं असतं. पण रणात पाठवताना ढाल द्यावी. संस्थेतला एससी-एसटी कक्ष कुठं आहे, आपल्या समाजातले सिनियर कोण, हे पहिल्याच आठवड्यात शोधायला सांगा. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाईन १८००-१८०-५५२२ ही मोबाईलमध्ये भरून द्या. इंग्रजी पहिल्या वर्षी जड जातं, ते जवळपास सगळ्यांनाच जातं. आणि सगळ्यात मोठी ढाल म्हणजे घरचं एक वाक्य: "नाहीच सोसलं तर परत ये, दार उघडं आहे."

निकालाच्या दिवशी

त्या दिवशी घरातल्या कुणीतरी कामाचा खाडा करून लेकराजवळ राहावं. मार्क शेजाऱ्यांना सांगायची घाई नको. त्याआधी किंवा नंतर मूल गप्प झालं, खाणं-झोप सुटली, आवडत्या वस्तू वाटू लागलं, "मी तुमच्यावर ओझं आहे" असं म्हणालं, तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, "जिवाचं काही वाईट मनात येतं का रे?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

त्या आईला आम्ही एवढंच सांगितलं: फॉर्म भरा, आणि आधी रक्त तपासा. तिनं पोरीकडं पाहिलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं, बाई?" पोरगी बऱ्याच वेळानं बोलली. डॉक्टर व्हायचंय, दिल्लीचं नावही लिहायचंय. पण लातूरला एकटं राहायचं नाही, आणि रिपीट एकदाच. नाही जमलं तर नर्सिंग, पण तेही सरकारी.

दुसऱ्या दिवशी मायलेकी जात पडताळणीच्या कार्यालयात जाऊन आल्या आणि येताना आरोग्य केंद्रात थांबल्या. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. गोळ्या सुरू आहेत, आणि आता ती रात्री दहाला पुस्तक मिटते.

जयभीम.