उघाडीचे दार

पेण-अलिबागकडील खारेपाटात सुकतीच्या वेळी बांधावर उभे राहिले असता, पुढे पसरलेली भातखाचरे, मागे तिवरांची गर्द रांग आणि मधून वळत गेलेली खाडी यांनी पाहणाऱ्याची दृष्टी इतकी गुंतून जाते, की बांधाच्या पोटात बसविलेल्या एका लहानशा दाराकडे, ज्याच्या आधारावर हा सारा प्रदेश उभा आहे त्या उघाडीकडे, त्याचे लक्षही जात नाही. रचना साधी आहे. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेल्या पावसाच्या पाण्याच्या भाराने ते पुन्हा किलकिले होते, आणि शेतातील क्षार त्या पाण्याबरोबर खाडीत निघून जातो. मी पाहिली त्या उघाडीची एक फळी कुजली होती व फटीत काथ्या आणि चिखल कोंबलेला होता. तरी दाराच्या तोंडाशी एक म्हातारा जाळे धरून बसला होता आणि तासाभरात त्याच्या टोपलीत ओंजळभर कोळंबी जमली होती.

भात आणि कोळंबी यांचा हा शेजार आजचा नव्हे. नवी खार उठविणाऱ्यास, म्हणजे खाडीची जमीन बांध घालून लागवडीस आणणाऱ्यास, आरंभीची काही वर्षे सारामाफी देऊन कौल देण्याची जुनी वहिवाट कोकणात होती. अशा कौलदारांनी, म्हणजे शिलोत्रदारांनी, बांध घातले, रयतेने ते राखले, आणि पुढे 1948 च्या मुंबई खारजमीन कायद्याने सरकारने त्यांत हात घातला. गोव्यात हीच व्यवस्था अधिक रेखीव झाली. तेथील खाजणात उघाडीला मानस म्हणतात. पावसाळ्यात कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात आणि मानशीच्या तोंडाशी मासळी, असा दुहेरी संसार गांवकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेच्या, देखरेखीखाली चाले. केरळात पोक्काळीच्या शेतांत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भात आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कोळंबी असे पाळीचे चक्र आहे. भाताचे धसकट कुजते त्यावर कोळंबी पोसते आणि कोळंबीच्या मळीवर पुढचे भात वाढते, त्यामुळे खतावर किंवा खाद्यावर फारशी कवडी खर्चावी लागत नाही.

या चक्राचा बिघाड परक्याने केला असे म्हणून आपली सुटका होणार नाही. गोव्यात कूळकायद्यानंतर गांवकरीचा अंमल ढिला पडला, मानशीच्या मासेमारीच्या हक्काच्या लिलावावर तिचा वचक उरला नाही, आणि ज्याने लिलावाची रक्कम भरली त्याचे हित दार वेळेवर मिटण्यात नसून ते अधिक काळ उघडे राहण्यात गुंतले. खारे पाणी शेतात साचले, भात करपले, बांधाला खांडी पडल्या. कज्जे झाले ते अर्थातच पुढचे.

पूर्व किनाऱ्यावर हीच गोष्ट प्रचंड प्रमाणावर घडली. वाघी कोळंबीच्या तळ्यांनी आंध्र व तामिळनाडूची भातजमीन झपाट्याने व्यापली. 1994 च्या सुमारास श्वेतठिपक्याच्या विषाणूने ती तळी ओस पाडली. आणि 11 डिसेंबर 1996 रोजी, वृद्ध गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील तळी काढून टाकण्याचा हुकूम दिला. या निकालाने परंपरागत व सुधारित परंपरागत शेतीला मात्र हात लावला नाही. हा अपवादच मला निकालाचा गाभा वाटतो. परंतु 2005 च्या किनारी जलसंवर्धन प्राधिकरण कायद्याने परवान्याची वाट काढून दिली, आणि चर्चा तळ्याच्या आकारमानावर व सांडपाण्यावर येऊन थांबली. 2009 पासून अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील व्हन्नामेई ही कोळंबीची जात परवानगीने आली. रोगमुक्त जनककोळंबी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासून घ्यावयाची, बीज नोंदणीकृत उबवणीगृहातूनच उचलावयाचे, पाणी आत घेण्यापूर्वी निवळवून घ्यावयाचे आणि दोन पिकांमध्ये तळे वाळवावयाचे, ही शिस्त ज्यांनी पाळली ते तरले.

2023-24 साली देशाच्या सुमारे साठ हजार कोटी रुपयांच्या मत्स्यनिर्यातीत गोठविलेल्या कोळंबीचा वाटा दोन तृतीयांशांच्या आसपास होता. ही रक्कम ऐकून ज्यांचे डोळे दिपतात त्यांनी एकदा सोलाईच्या शेडमध्ये जावे. मी गेलो होतो. कारखान्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे. ओल्या फरशीवर गुडघाभर बूट चढवून बायका बर्फातील कोळंबी उचलतात, डोके मोडतात, कवच सोडवतात, पाठीवरचा काळा दोरा काढतात, आणि मजुरी वजनावर मिळत असल्याने बोटे बधिर झाली तरी हात थांबत नाही. याच कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा अंश सापडला तर परदेशातील बंदरावरून सारा माल परत फिरतो. ते औषध घातलेले असते तळेवाल्याने, आणि काम जाते ते या बायकांचे.

या शेडपासून थोड्याच अंतरावर एक कोळीण आपल्या अंगणात सोडे वाळवीत होती. टोपलीभर ओल्या कोळंबीचे मूठभर सोडे होतात, पण ते वर्षभर टिकतात, विजेवर अवलंबून नसतात आणि त्यांचा भाव ती स्वतः ठरवते. तिला हवे आहे ते फार थोडे: चिखल व कुत्री यांपासून सुरक्षित असा वाळवणाचा ओटा, गोड्या पाण्याचा नळ, आणि उतरणीच्या बंदरावर रास्त भावाने बर्फ. लाखो रुपयांचे प्रक्रियासंकुल उभारण्याच्या आराखड्यांत ओट्याला रकाना नसतो, हे मी एका कचेरीतील दफ्तर चाळून पाहिले आहे.

कोळंबी ही शेताची वैरीण नाही. दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे यावर ती शेजारीण होते की सवत, हे ठरते. म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय आणि खारभूमी या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एवढेच आर्जव, की खाडीकाठच्या कोणत्याही तळ्याला परवाना देताना त्या खारेची उघाडी कोण, कोणत्या महिन्यात उघडणार व मिटणार, आणि तिची फळी दरसाल मृगापूर्वी कोणाच्या खर्चाने बदलणार, हे दोन रकाने अर्जात घालावेत, आणि ते भरण्याचा अधिकार ग्रामसभेस द्यावा.