भंगारातली मोटर निवडताना: आधी प्रश्न, मग खरेदी

एम.एस्सी.ला असताना एका सुट्टीत मी परंड्याला घराच्या स्लॅबवर छोटी पवनचक्की बसवली होती. भंगारवाल्याकडून जुना सीलिंग फॅन आणला, पीव्हीसी पाइप कापून तीन पाती केली आणि सगळं लोखंडी पाइपावर चढवलं. आषाढाचं वारं सुटलं तशी चक्की मस्त गरगर फिरायला लागली. खाली मल्टीमीटर लावला, तर शून्य. वायर तपासली, जोडण्या बदलल्या, मल्टीमीटरही दुसरा आणला. शून्यच! चूक कळली तोवर श्रावण संपत आला होता आणि वारं पडलं होतं. आपल्याकडे जोराचं वारं वर्षातून एकदाच येतं. म्हणजे माझं अख्खं वर्ष गेलं.

संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हाला हे सांगतेय, कारण ही चूक मोटरीपुरती नाही. मी वस्तू आधी आणली आणि प्रश्न नंतर विचारला.

शून्य का आलं?

तार चुंबकीय क्षेत्रातून फिरली की वीज तयार होते, हे आपण शाळेत शिकलो. पण साध्या सीलिंग फॅनमध्ये कायमचं चुंबक नसतंच. ती इंडक्शन मोटर असते. बाहेरून वीज दिली तरच तिच्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची मोटरही याच जातीची. मिक्सरच्या मोटरीतही चुंबक नसतं. शिवाय ती मिनिटाला हजारो फेऱ्यांसाठी बनलेली असते.

म्हणून पहिली चाळणी एकच: आत कायमचं चुंबक आहे का? ट्रेडमिलची डीसी मोटर, गाडीच्या रेडिएटर फॅनची मोटर, रिमोटवाले बीएलडीसी फॅन आणि डायरेक्ट ड्राइव्ह वॉशिंग मशीन यांच्यात ते असतं. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीच्या वॉशिंग मशीनच्या मोटरी घरगुती पवनचक्की करणाऱ्यांमध्ये जगभर प्रसिद्ध आहेत, त्या याच कारणामुळे.

पाटीवरचे वॅट बघू नका

भंगाराच्या दुकानात आपली नजर आधी वॅटवर जाते. पण वॅट किती मिळणार हे वारं आणि पाती ठरवतात. समजा पात्यांचा व्यास १.२ मीटर आहे आणि वारं सेकंदाला ५ मीटर. पात्यांच्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेत साधारण ७८ वॅट असतात. बेट्झच्या नियमानुसार त्यातले जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येतात. घरी कापलेल्या पात्यांनी २५ टक्के काढले तरी खूप झालं, म्हणजे २० वॅटच्या आसपास. मग मोटर हजार वॅटची असून उपयोग काय?

खरा प्रश्न फेऱ्यांचा आहे. चांगल्या तीन पात्यांच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या पाचपट धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. वर्तुळाचा परीघ ३.७७ मीटर. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४०० फेरे येतात. या ४०० फेऱ्यांत मोटरीने १३ व्होल्टच्या वर जायला हवं, नाहीतर १२ व्होल्टची बॅटरी चार्जच होणार नाही.

आता दोन मोटरी ताडून बघू. ट्रेडमिलच्या मोटरीवर १८० व्होल्ट, ४००० फेरे असं लिहिलेलं असेल, तर फेऱ्यामागे ०.०४५ व्होल्ट. ४०० फेऱ्यांना १८ व्होल्ट. चालेल. रेडिएटर फॅनची मोटर १२ व्होल्ट, २४०० फेऱ्यांची असेल, तर फेऱ्यामागे ०.००५. ४०० फेऱ्यांना फक्त २ व्होल्ट. चुंबक असूनही बाद!

मग पट्टा लावून फेरे वाढवले तर? वाढतील, पण आपल्याकडे मुळात २० वॅट, त्यातले बरेच घर्षणात जातील. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर दिसतात तशा मोठ्या पवनचक्क्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तिथे कोणी गिअरबॉक्स लावतं, तर जर्मनीच्या एनर्कॉनसारखी कंपनी हळू फिरणारा मोठा जनरेटर थेट जोडते.

आणण्याआधी तीन तपासण्या

पुण्याच्या जुन्या बाजारात जा नाहीतर बार्शीच्या भंगारात, एवढं करा.

एक, मोटरीची टोकं एकमेकांना जोडा आणि दांडा हाताने फिरवा. चुंबक असेल तर दांडा लगेच जड लागतो. टोकं सोडली की हलका होतो.

दोन, ड्रिल मशीनने मोटर फिरवा आणि व्होल्ट मोजा. फेरे मोजायला दांड्यावर पांढरी पट्टी चिकटवा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. सेकंदाला २४० फ्रेम असतील आणि एक फेरा ३६ फ्रेममध्ये झाला, तर ते मिनिटाला ४०० फेरे. चार-पाच वेगवेगळ्या वेगांना मोजून आलेख काढा. रेषा सरळ यायला हवी.

तीन, टोकं मोकळी ठेवून दांडा सावकाश फिरवा. खाचेत अडकल्यासारखे झटके जोरात लागत असतील, तर मंद वाऱ्यात पाती सुरूच होणार नाहीत.

एक गोष्ट जपा. बॅटरी सुटली की चक्की मोकाट फिरते. वादळी वाऱ्यात हीच ट्रेडमिलची मोटर ६०-७० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. वॉशिंग मशीनची मोटर तर जीवघेण्या व्होल्टपर्यंत. म्हणून चालू चक्कीची उघडी टोकं हातात धरू नका.

पुढच्या वर्षी मी ट्रेडमिलची मोटर लावली. बॅटरीत एक अँपिअरच्या आसपास करंट जायचा. घर काही उजळलं नाही, पण तो आकडा मी आधी वहीत काढला होता आणि मग मीटरवर पाहिला. तुमच्या संशोधन प्रस्तावातही हेच करून बघा. उपकरणाचं नाव लिहिण्याआधी एक ओळ लिहा: माझी निवड कोणत्या एका आकड्यावर ठरणार आहे? ती ओळ लिहिता येत नसेल, तर खरेदी थांबवा. वारं पुन्हा येतं, पण वर्षभराने.