ब्लूगिल मासा, मऊ आमिष आणि तळ्याचा समतोल

शेतातील तळ्यात मत्स्यबीज सोडण्याचे काम एका सकाळी उरकते. त्यानंतर कोणता मासा काढावयाचा, कोणता राखावयाचा आणि केव्हा, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे पुरतो. महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यापासून गावोगावी शेततळी वाढली व त्यांपैकी काहींत मासेही पाळले जाऊ लागले. अमेरिकेतील शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न पूर्वीच उभा राहिला होता. त्यांनी तो कसा हाताळला, हे ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत जे मासे अख्खे तळण्याच्या तव्यात मावतात, त्यांना ‘पॅनफिश’ असे सरसकट नाव आहे. ब्लूगिल हा त्यांतील प्रमुख होय. हा तळहाताएवढा, चपटा व इवल्या तोंडाचा मासा आहे. अलाबामा राज्यात ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३० नंतरच्या दशकात शेतातील तळ्यांचा अभ्यास हाती घेतला. त्यातून ब्लूगिल व त्याला खाणारा मोठ्या तोंडाचा बास मासा यांची जोडी रूढ झाली. खत घातलेल्या तळ्यात एकरी सुमारे १,००० ब्लूगिल व १०० बास सोडावेत, हे प्रमाण त्यानंतर सर्वत्र परिचित झाले. ब्लूगिलने पाण्यातील किडे खावेत, बासने ब्लूगिलची पिले खावीत आणि कुटुंबाने दोन्ही खावेत, अशी ही योजना.

योजना बिघडते ती शेतकऱ्याच्या आवडीमुळे. बास मोठा, झुंजार व चवदार. म्हणून पहिल्याच हंगामात गळ टाकून बास काढले जातात आणि ब्लूगिल मागे राहतात. उष्ण प्रदेशात ब्लूगिल एका उन्हाळ्यात अनेकदा वितो व एकेक मादी हजारो अंडी घालते. तळ्यातील अन्न मात्र तेवढेच असते. उदाहरणादाखल, एखादे तळे १५० किलो ब्लूगिल पोसू शकते असे धरू. मासे एक हजार असतील, तर प्रत्येकी दीडशे ग्रॅमचा, म्हणजे सुमारे सात इंचांचा, तव्याजोगा मासा मिळतो. तेच दहा हजार असतील, तर वाट्याला पंधरा ग्रॅम येतात. असा मासा म्हातारा झाला तरी बोटाएवढाच राहतो. पुढे हेच खुजे मासे बासची अंडीही खातात, आणि बिघाड आपोआप दुरुस्त होत नाही.

ब्लूगिल नेमाने काढण्यासाठी तेथे जी साधने वापरतात, त्यांत मऊ प्लॅस्टिकचे आमिष फार लोकप्रिय आहे. ओहायो राज्यातील ऍक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ साच्यात ओतून तयार केले, तेथून या आमिषाचा प्रसार झाला. लहान माशांसाठी ते एक ते दीड इंच लांबीचे असते. कधी अळीसारखे, तर कधी शेपटी हलणाऱ्या पिलासारखे. गळाच्या डोळ्यापाशी अर्ध्या ते दोन ग्रॅमचा शिशाचा मणी ओतलेला असतो व त्यामागे गळाच्या दांडीवर आमिष ओवतात. गळ ८ ते १० क्रमांकाचा घ्यावा. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे ध्यानात असावे.

आमिष लांब असले की ब्लूगिल नुसती शेपटी धरतो व तोडून नेतो. दोरी सणकन ओढली जाते, हाती मात्र काहीच लागत नाही. यास्तव आखूड आमिष उत्तम. दोरी बारीक व हलकी असावी. आमिषाच्या वर दोन-तीन फुटांवर लहान बूच बांधून ते पाण्यावर तरंगत ठेवावे. काठीने किंचित झटका द्यावा आणि थांबावे. या थांबण्यातच मासा गळाला लागतो, व उतावळ्या माणसाला तेच जमत नाही. ब्लूगिल आमिष चोखून आत घेतो आणि चव नाही असे दिसताच थुंकून टाकतो. म्हणून बूच हलताच हात उचलला पाहिजे. पाणी थंड असून मासा मंद असेल, तर गळाच्या टोकाला खऱ्या गांडुळाचा तुकडा लावतात.

क्रॅपी हा दुसरा पॅनफिश पाण्यातील बुडालेल्या फांद्यांजवळ राहतो व वरच्या बाजूचे भक्ष्य टिपतो. त्याच्यासाठी आमिष माशाच्या किंचित वर राखावे लागते. त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असल्याने हिसका मारल्यास ती फाटते. लहान तळ्यात मात्र क्रॅपी सोडूच नये, असा तेथील विस्तार खात्यांचा सल्ला असतो. तोही तळे पिलांनी भरून टाकतो.

प्लॅस्टिकचे आमिष एकामागून एक अनेक मासे धरते; गांडुळे खणण्याचा त्रास वाचतो. परंतु फाटलेले आमिष पाण्यात टाकू नये. ते पाण्यात फुगते, माशाच्या पोटात पचत नाही व तेथेच अडकून राहते.

केवळ गळाने दाटी मोडेल, असे मानणे चुकीचे ठरेल. गळाला लागलेले लहान मासे दया येऊन परत सोडण्याची रीत दाट तळ्यात अपायकारकच आहे. उलट, विणीच्या काळात घरट्याची राखण करणारे सर्वांत मोठे नर तेवढे वेचून काढले, तर तरुण नर लवकर, लहान आकारातच वयात येतात व पुढे मासा खुजा होत जातो. म्हणून मध्यम व लहान मासे भरपूर काढावेत, मोठे थोडे राखावेत आणि तळे नवे असता बासला हात लावू नये. परीक्षेसाठी उन्हाळ्याच्या प्रारंभी काठाने लहान ओढजाळे फिरवावे. तीन ते पाच इंचांचे ब्लूगिल पुष्कळ आणि बासचे पिलू एकही नाही, असे दिसले तर दाटी झाली असे समजावे. मग जाळ्याने मासे उपसणे, किंवा हिवाळ्यापूर्वी पाणी उतरवून पिले बासच्या तोंडी देणे, हेच उपाय उरतात.

हे वाचून कोणी ब्लूगिल आपल्याकडे आणण्याचा विचार करू नये. जपानात तो १९६० साली शिकागोहून भेटीदाखल गेला आणि बिवा सरोवरासारख्या जलाशयांत पसरून तेथील देशी माशांना जाचक झाला. ही भेट स्वीकारणारे तत्कालीन युवराज अकिहितो यांनी पुढे सम्राट असता, २००७ साली, याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

आपल्याकडे ब्लूगिलची जागा तिलापियाने, म्हणजे उजनीकाठच्या बोलीतील चिलापीने, घेतली आहे. १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया लहान वयातच वितो, मादी अंडी तोंडात जपते आणि तळे बोटभर माशांनी भरते. हा मासा मुख्यतः शेवाळ व गाळातील अन्न खाणारा असल्यामुळे प्लॅस्टिकच्या आमिषाला तितकासा भुलत नाही. त्याच्यासाठी लहान गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावावी. कटला-रोहूच्या तळ्यात तो शिरला असेल, तर काठाने जाळे वरचेवर फिरवून त्याचे लहान-मोठे सर्व मासे काढावेत.

मात्र तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल, तर गळ वापरूच नये. तो रुतला तर अस्तर फाटून पाणी झिरपू लागते. अशा तळ्यात खडबडीत कडा नसलेले सुती किंवा नायलॉनचे जाळे वापरावे. अस्तराच्या ओल्या उतारावर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. यास्तव काठावरील पक्क्या खुंटाला बांधलेला गाठींचा दोर पाण्यापर्यंत सोडल्यावाचून व सोबतीला दुसरा माणूस असल्यावाचून जाळे ओढण्यास उतरू नये.